आरसी गाडीचे शॉक बदलले तरी परत गळतात, वाकतात? नवे घ्यायच्या आधी हे मोजून घ्या

रिमोटवर चालणाऱ्या आरसी गाडीला नवे शॉक (चाकाचे धक्के खाणारे, स्प्रिंग आणि ऑइलवाले) टाकले, दोन-चार बॅटऱ्या गाडी पळवली आणि परत तेच, मागचा एक शॉक खालून ओला, त्यावर धूळ चिकटून काळा गाळ, नाहीतर शाफ्ट (शॉकमध्ये आत-बाहेर होणारा दांडा) वाकून अडकलेला आणि गाडी एका कोपऱ्यावर बसलेली. मग अजून महागाचा सेट, ॲल्युमिनियमचा, लाल नाहीतर निळा, आणि थोड्या दिवसांनी तोही तसाच. एकदा झालं तर ठीक आहे, एखादी उडी वाईट पडली म्हणायचं. पण त्याच जागी, त्याच प्रकारे परत परत होत असेल तर शॉकची क्वालिटी वगैरे नंतर बघू, आधी तो शॉक त्या गाडीच्या मापाचा आहे का ते बघायला पाहिजे. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो.

त्याच्याही आधी, पूर्ण शॉक बदलायची खरंच गरज आहे का? शॉक काढा, स्प्रिंग काढून बाजूला ठेवा आणि शाफ्ट हाताने अगदी हळू आत-बाहेर करून बघा. सगळीकडे सारखा जोर लागतोय तर आतलं बरं आहे. मध्येच फुसकन सैल जातोय, चुळचुळ आवाज येतोय तर ऑइल कमी झालंय, आत हवा आहे. एका ठराविक जागी अडकतोय तर शाफ्ट वाकलाय. खात्री करायची तर शाफ्ट बाहेर काढून काचेवर लोळवा, खालून उजेडाची फट दिसायला लागली की समजा वाकला. शाफ्टवर नखाला जाणवेल एवढा जरी ओरखडा असला तरी नवी ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) टाकून काही उपयोग नाही, तो ओरखडा तिला पण कापणार. खालच्या बाजूने गळतंय तर ओ-रिंग, वरच्या कॅपमधून गळतंय तर ब्लॅडर (कॅपखालचा रबरी पडदा) नीट बसलेलं नाही किंवा कॅपचे आटे वाकडे चढलेत. यातलं बरंचसं रिबिल्ड किटमध्ये निस्तरतं, दोन ओ-रिंग, एखादा स्पेसर, नवं ब्लॅडर आणि ताजं ऑइल, एवढ्यासाठी चारही शॉक फेकून द्यायचं काही कारण नाही.

आता खरी गोष्ट. गाडी उडीवरून खाली आपटते तेव्हा सस्पेंशनचा प्रवास शेवटी कुठेतरी थांबणारच, प्रश्न एवढाच की कोण थांबवतंय. थांबवायला पाहिजे चासीने, म्हणजे गाडीचं पोट जमिनीला टेकलं की संपलं, मार चासीच्या प्लेटने खाल्ला. पण शॉकच आधी संपला, पिस्टन (शाफ्टच्या आतल्या टोकावरची भोकांची चकती) वर जाऊन टेकला किंवा खालचा रॉड एंड (शाफ्टच्या बाहेरच्या टोकावर आट्यांनी बसवलेला कान) शॉकच्या बुडाला आपटला, तर तो सगळा मार जातो तीन मिलिमीटरच्या शाफ्टवर, कॅपच्या आट्यांवर आणि टॉवरवर (शॉकचं वरचं टोक लागतं त्या उभ्या पट्टीवर). मग कधी शाफ्ट वाकतो, कधी कॅप उडून ऑइल सगळीकडे, कधी टॉवरलाच भेग. ॲल्युमिनियमचा शॉक टाकला तर कॅप उडत नाही, पण मग टॉवर तुटतो, कारण मार तेवढाच आहे, फक्त पुढच्या कमजोर जागेवर सरकला.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. चारही शॉकच्या स्प्रिंगा काढा, शॉक परत गाडीला लावा, गाडी सपाट टेबलवर ठेवा आणि पुढून-मागून दाबा. पोट टेबलला टेकलं का? टेकलं तर छान. टेकायच्या आधीच थांबली तर खाली वाकून बघा काय अडतंय, शॉक संपलाय की आर्म (चाक धरून वर-खाली होणारा हात) चासीला लागतोय की चाक बॉडीला घासतंय. मग गाडी उचला, चाकं लटकू द्या, आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) हाताने फिरवून बघा. बऱ्याच ऑफ-रोड गाड्यांमध्ये चाक खाली किती लटकणार हे शॉकच्या लांबीवरच ठरतं, त्यामुळे शॉक जास्त लांब असेल तर आर्म नको एवढा खाली जातो, सीव्हीडीचा (सांधा असलेल्या ड्राइव्ह शाफ्टचा) कोन वाढतो, फिरताना कट-कट करतो, आणि डॉगबोन (टोकं कपात नुसती अडकवलेला ड्राइव्ह शाफ्ट) असेल तर चक्क निसटून पडतो. लोक मग डॉगबोन आणि कप बदलत बसतात, आणि दोष असतो शॉकचा.

म्हणून नवा शॉक घेताना लांबी एक नाही, दोन बघायच्या. पूर्ण उघडा किती आणि पूर्ण मिटलेला किती. विकणारे बहुतेक उघडी लांबीच लिहितात, "१०० एमएम" असं मोठ्या अक्षरात, आणि आपण जुना मोजतो तर तोही १०० भरतो, झालं, मागवला. समजा तुमचा जुना शॉक १०० उघडा आणि ७२ मिटलेला आहे, म्हणजे २८ चा स्ट्रोक. नवा १०० उघडा पण मिटून ७८ च होतो. फरक दिसायला फक्त ६ मिलिमीटर. पण शॉक आर्मच्या टोकाला नसतो ना, आत असतो. आर्मच्या पिनेपासून चाकापर्यंत जे अंतर आहे त्याच्या ६० टक्क्यांवर शॉक लागलेला असेल तर शॉकचे ६ म्हणजे चाकाचे १० मिलिमीटर गेले, आणि शॉक तिरका असेल तर अजून जास्त. दहा मिलिमीटर आधीच शॉक ठोकर खातोय, प्रत्येक उडीला. वाकणार नाही तर काय होणार.

मोजायची पद्धत पण नीट ठेवा. भोकाच्या मधोमधपासून भोकाच्या मधोमधपर्यंत मोजायचं असतं, पण व्हर्नियरने मधोमध पकडता येत नाही, तर वरच्या भोकाच्या वरच्या कडेपासून खालच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, दोन्ही भोकं सारखी असतील तर तेच उत्तर येतं. भोकं लहान-मोठी असतील तर वरच्या कडांमधलं आणि खालच्या कडांमधलं अशी दोन्ही मापं घ्या आणि सरासरी काढा. मिटलेली लांबी घेताना स्प्रिंग तर काढायचीच पण कॅप उघडून ऑइल पण रिकामं करा, भरलेला शॉक कधी कधी पूर्ण मिटत नाही आणि माप चुकतं. आणि चारही मोजा, पुढचे आणि मागचे बऱ्याच गाड्यांमध्ये वेगळ्या लांबीचे असतात, "चारचा सेट, सगळे सारखे" असं काही दिसलं की थोडं सावध.

बरं, घेऊन ठेवलेत आणि माप जुळत नाहीये, तर काही करता येतं का? थोडंफार येतं. उघडी लांबी जास्त असेल तर शॉकच्या आत, पिस्टनच्या खाली शाफ्टवर लहान स्पेसर टाकायचा, लिमिटर म्हणतात त्याला, त्याने शॉक तेवढा कमी उघडतो. पण त्याने मिटलेली लांबी कमी होत नाही हे लक्षात ठेवा, फक्त स्ट्रोक कमी होतो. रॉड एंड शाफ्टवर अजून फिरवून आत घेतला तर उघडी लांबी कमी होते, मिटलेली होईल की नाही हे काय आधी आपटतंय त्यावर आहे, पिस्टन वर टेकत असेल तर होते, रॉड एंड बुडाला टेकत असेल तर होत नाही. उलट रॉड एंड बाहेर काढून लांबी वाढवायला जाऊ नका, एक-दोन आट्यांवर लटकलेला रॉड एंड पहिल्या आपटीत उपटून येतो. टॉवरवर वरचं भोक असेल तर तिथे लावून बघता येतं, तेवढी जागा शॉकला मिळते. यातल्या कशानेच पोट टेबलला टेकत नसेल तर तो शॉक त्या गाडीचा नाही, विकून टाका.

माप जुळलं की बाकीची फिटिंग. १/१० गाड्यांमध्ये (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) स्क्रू बहुतेक ३ मिलिमीटरचे, १/८ ला जाड पण असतात, ते बघून घ्या. शॉकची बॉडी जुन्यापेक्षा जाड असेल, हल्ली सगळ्यांना बिग बोअर हवा असतो, तर ती टॉवरला, कॅम्बर लिंकला (चाकाचा कल ठरवणाऱ्या वरच्या दांडीला), सीव्हीडीला लागत नाही ना हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आणि सस्पेंशन पूर्ण दाबून बघायचं, नुसतं टेबलवर ठेवून नाही. आणि जाड बॉडीवर तुमच्या जुन्या स्प्रिंगा जाणार नाहीत, म्हणजे हळूहळू जमवलेला स्प्रिंगांचा साठा गेला कामातून.

शॉकच्या टोकांचे बॉल मोकळे फिरतायत का, हे कोणी बघतच नाही आणि गळतीचं हे एक मोठं कारण आहे. खालचा स्क्रू काढून शॉक नुसता वरच्या स्क्रूवर लटकवा आणि हलवा, स्वतःच्या वजनाने झुलला पाहिजे. झुलत नसेल, स्क्रू आवळल्यावर कान दाबला जातोय आणि शॉक ताठ उभा राहतोय, तर आर्म वर-खाली होताना शाफ्टवर आडवा जोर येणार, तो ओ-रिंगला एका बाजूने घासणार, आणि मग "नवीन शॉक पण गळतोय". स्वस्तातल्या ॲल्युमिनियम शॉकमध्ये याच्या उलटही असतं, बॉल एवढा सैल की खडखड वाजतो. थोडा सैल चालेल, घट्ट अजिबात नको.

प्लास्टिक की ॲल्युमिनियम, यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत विचाराल तर माती-दगडात आपटायची गाडी असेल तर चांगल्या कंपनीच्या प्लास्टिक बॉडीत काही वाईट नाही, ती थोडी लवते, मार खाते, तुटली तर एकच तुटते. ॲल्युमिनियमचे खरे फायदे दोन, कॅपचे आटे टिकतात आणि बॉडीवर आटे असल्यामुळे प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबायची ते ठरवणारी) रिंग फिरवून राइड हाइट, म्हणजे गाडीची उंची, बारीक लावता येते, क्लिप घालत-काढत बसायला नको. बाजूला डबा लावलेले पिगीबॅक शॉक दिसायला भारी, पण हॉबीच्या बऱ्याच स्वस्त सेटमध्ये तो डबा आतून भरीव असतो, नुसता दागिना. त्यापेक्षा शाफ्टची जाडी बघा. ३ चा शाफ्ट आणि ३.५ चा शाफ्ट यात फरक अर्धा मिलिमीटर वाटतो पण वाकायला साधारण दीडपटीहून जास्त जोर लागतो, कारण तो हिशोब जाडीच्या घनावर जातो. सोनेरी दिसणारे शाफ्ट असतात ते टायटॅनियम नायट्राइडचा थर दिलेले, त्याने पृष्ठभाग कडक होतो, ओरखडे कमी पडतात, शाफ्ट वाकायचा थांबत नाही.

ज्यांच्याकडे तामियाची टीटी-०२ आहे त्यांच्यासाठी एक छोटी गोष्ट, साध्या किटमध्ये येतात ते फ्रिक्शन डॅम्पर (नुसत्या घर्षणावर चालणारे शॉक), त्यात ऑइल नसतंच, त्यामुळे "ऑइल कुठून भरायचं" हा प्रश्न सोडून द्या आणि त्याच मापाचे कुठलेही बरे ऑइलवाले घ्या, कंपनीचे प्लास्टिकचे सीव्हीए नावाचे ऑइल शॉक सुद्धा पुरतात, रेसिंगचे महागडे घ्यायची घाई नाही.

स्प्रिंगवर येतो, कारण मापाच्या खालोखाल सगळ्यात जास्त गोंधळ इथे. शॉक आर्मच्या ६० टक्क्यांवर आहे असं वर धरलं ना, तर स्प्रिंगचा जोर चाकापर्यंत ६० टक्के पोचत नाही, ०.६ चा वर्ग, म्हणजे ३६ टक्केच पोचतो. म्हणून एकाच गाडीत शॉक खालच्या आर्मवर एक भोक आत घेतला तरी गाडी एकदम मऊ वाटायला लागते, आणि मित्राच्या गाडीला मस्त चालणारी स्प्रिंग तुमच्या गाडीला दगड वाटते. रंगावर जाऊ नका, एका कंपनीची पिवळी म्हणजे मऊ तर दुसऱ्याची पिवळी कडक असं सर्रास असतं. आकडा बघा, पाउंड प्रति इंच दिला असेल तर १ म्हणजे साधारण १७.९ ग्रॅम प्रति मिलिमीटर, तेवढं ठाऊक असलं की दोन कंपन्यांच्या स्प्रिंगा शेजारी ठेवून तुलना करता येते.

प्रीलोड फिरवून स्प्रिंग कडक होते हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. रिंग खाली घेतली की गाडी उंच बसते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. गाडी बॅटरी आणि बॉडीसकट ठेवा, थोडी दाबून सोडा, आर्म किंवा ड्राइव्ह शाफ्ट जमिनीला साधारण समांतर आले की मजेत पळवायच्या गाडीसाठी ती बरी सुरुवात आहे. तिथे यायला रिंग पार खालपर्यंत घ्यावी लागत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, आणि रिंग पूर्ण वर असूनही गाडी शिडीवर चढल्यासारखी उभी असेल तर कडक. मोठी जड बॅटरी, मेटलचे बंपर, जाड चाकं असं सगळं टाकून गाडी जड केली आणि शॉक तेच जुने ठेवले तर ते आपटायला लागणारच, तिथे नवा शॉक घ्यायच्या आधी एक पायरी कडक स्प्रिंग घालून बघा, फार स्वस्तात सुटतं. क्रॉलरवाल्यांनी (दगडांवर सावकाश चढणाऱ्या गाड्या) हे सगळं थोडं बाजूला ठेवा, त्यांना मऊ आणि बराच खाली बसलेला सेटअप हवा असतो, चाक खड्ड्यात खाली जाण्यासाठी.

ऑइल किती जाड यासाठी वेट आणि सेंटीस्टोक अशी दोन मोजमापं चालतात. वेटचा आकडा कंपनीगणिक थोडा हलतो, असोसिएटेड कंपनीचं ३० वेट साधारण ३५० सेंटीस्टोक आणि ४० वेट ५०० च्या आसपास, दुसऱ्याचं ३० तेवढंच असेल असं नाही, म्हणून बाटलीवर सेंटीस्टोक लिहिलेलं असेल तर तोच आकडा धरा. १/१० बगीला ३०० ते ४५० मधून कुठूनही सुरू करा, १/८ ला ४०० ते ७००, मग पुढे आपल्या जागेप्रमाणे. थंडीत तेच ऑइल जाड वागतं आणि उन्हात पातळ, त्यामुळे ऋतू बदलल्यावर गाडी उगाच वेगळी वाटली तर लगेच नवीन शॉक शोधायला लागू नका. आणि सिलिकॉन ऑइलच, इंजिन ऑइल किंवा शिवणयंत्राचं तेल अजिबात नको, मिनरल ऑइलने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात, शाफ्ट जाम होतो. ओ-रिंगला लावायचं ग्रीस पण सिलिकॉनचंच.

गाडी फार उसळते म्हणून लोक ऑइल जाड करत जातात, आणि एका मर्यादेनंतर गाडी अजून जास्त उसळायला लागते. याचं कारण पिस्टनची भोकं. शाफ्ट हळू जातो तेव्हा ऑइल भोकांतून निवांत निघतं, पण उडीवरून आपटल्यावर शाफ्टचा वेग एवढा असतो की भोकं अपुरी पडतात आणि शॉक क्षणभर ठोकळ्यासारखा घट्ट होतो, याला पॅक होणं म्हणतात. मोठ्या उड्यांना हे थोडं हवंही असतं, पोट जोरात आपटत नाही. पण खडबडीत जागेवर तीच गाडी बॉलसारखी टपटपते. तिथे ऑइल पातळ करा किंवा मोठ्या भोकांचा पिस्टन घ्या. तपासायचं असं की गाडी सगळ्या सामानासकट वीतभर उंचीवरून सपाट सोडायची, खाली बसून एकदा वर आली आणि थांबली की झालं, दोनदा-तीनदा झुलली तर ऑइल पातळ, आणि टेकल्यावर टणकन वर उडाली तर पॅक होतंय किंवा स्प्रिंग फार कडक आहे.

आता भरण्याबद्दल, कारण "नवाकोरा शॉक आणि पहिल्याच दिवशी गळला" याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. शाफ्ट आत शिरतो तेव्हा तो स्वतः जागा घेतो. ३ मिलिमीटरचा शाफ्ट २८ मिलिमीटर आत गेला की साधारण ०.२ मिलिलिटर ऑइलला दुसरीकडे कुठेतरी जायला लागतं, ती जागा ब्लॅडर दबून देतं किंवा आतली थोडी हवा देते. तुम्ही शाफ्ट पूर्ण बाहेर ठेवून ऑइल काठोकाठ भरलं आणि कॅप तशीच गच्च आवळली तर ती जागाच उरत नाही, शॉक पाऊण वाटेवर जाऊन थांबतो आणि जोर लागला की ऑइल सगळ्यात कमजोर वाटेने बाहेर, म्हणजे खालच्या ओ-रिंगमधून. म्हणून भरायचं काठोकाठ, पिस्टन हळूहळू वर-खाली करून बुडबुडे काढायचे, पाच-दहा मिनिटं उभा ठेवायचा, आणि कॅप अर्धवट चढवून शाफ्ट सावकाश पूर्ण आत दाबायचा, जास्तीचं ऑइल आट्यांमधून निघून जाईल, मग आवळायचं. शेवटी शाफ्ट पूर्ण मिटतोय याची खात्री, हे सगळ्यात महत्त्वाचं. तयार आलेले शॉक सुद्धा गाडीला लावायच्या आधी एकदा उघडाच, कशात निम्मं ऑइल असतं, कशात कुठलं ऑइल आहे हे देवालाच माहीत.

ओ-रिंग बदलताना शाफ्टच्या आट्यांनीच ती कापली जाते, आटे धारदार असतात. आट्यांवर ऑइल चोपडून शाफ्ट फिरवत फिरवत हळू आत घाला, ढकलू नका. आणि रॉड एंड काढताना शाफ्ट साध्या पकडीने पकडला की गेला, पकडीच्या दातांचा ओरखडा थेट ओ-रिंगखालून जाणार. शाफ्ट पकडायची गुळगुळीत खाचांची पक्कड मिळते ती घ्या, नसेल तर जाड रबर गुंडाळून पकडा, तेही शक्यतो आट्यांच्या जवळ, जो भाग शॉकच्या आत जातच नाही तिथे.

फक्त एकच शॉक परत परत वाकतोय, बाकीचे तीन ठणठणीत, अशी केस असेल तर वरचं सगळं चारही शॉकला लागू करत बसू नका. त्या कोपऱ्याचा आर्म किंचित वाकलाय का, आर्मची पिन सरळ आहे का, टॉवर तिरका झालाय का हे बघा, बाजूच्या जोडीदाराशी तुलना केली की लगेच कळतं. मागच्या टॉवरच्या मागे उघड्यावर लागलेले शॉक गाडी उलटली की सरळ जमिनीवर घासतात, तिथे शाफ्टला गार्ड किंवा रबरी बूट घाला, किंवा गाडीत सोय असेल तर शॉक टॉवरच्या पुढच्या बाजूला घ्या.

आणि मागवायच्या आधी शेवटचं बघायचं ते हे, त्या शॉकचे शाफ्ट, ओ-रिंग, पिस्टन, रॉड एंड सुटे मिळतात का. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या शॉकचे बहुतेक मिळतात. बिननावाच्या सेटचे मिळतीलच असं नाही, आणि मग एक शाफ्ट वाकला की ओ-रिंगच्या मापाचं, आट्यांच्या मापाचं जुळवत बसायचं, नाहीच जुळलं तर परत चारचा सेट. दोन सेटमध्ये अडकला असाल तर ज्याचे सुटे भाग मिळतात तो घ्या, आणि त्याच ऑर्डरमध्ये दोन शाफ्ट आणि एक ओ-रिंगचं पाकीट जास्तीचं टाका.